अर्धी जबानी

"पातेलं दिलं कासारानं, पण झाकण न्हाई दिलं," अंजना म्हणाली आणि डोक्यावरचं भलंमोठं पातेलं तिनं दोन्ही हातांनी तोलून ओट्यावर उतरवलं. "म्हणला, मागच्या पंगतीत झाकण हरवलं. परात ठेवा म्हणला वर."

"ठेवू परात." चंद्रभागाबाई दारात बसून लोकर पिंजत होती. तिनं मान वर केली नाही.

अंजना तिथंच उभी राहिली. पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. चौदा-पंधरा वर्षांची पोर. गेल्या बाजारी लिंबागणेशकडच्या एका घरात तिचं लग्न ठरलं होतं आणि तेव्हापासून ती अशी मधूनमधून थांबायची.

"माय, एक इचारू?"

"इचार की."

"बा तुला कशानं मारायचा?"

चंद्रभागाबाईच्या हातातली लोकर तशीच राहिली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगाया पायजे. समद्या वस्तीला ठावं हाय. आजी बी म्हणती." अंजनानं पातेल्यावर नखानं टिचकी मारली. "मी म्हणते, समदेच मारत्यात का? म्हंजी, आधी कळलं तर बरं. लाकडानं का हातानं, तेवढं तरी."

हे ती हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. चंद्रभागाबाईनं लोकर टोपलीत टाकली आणि उठली. "जा, पाणी आण आधी. परवा पंगत हाय, आन् घरात रांजण कोरडा."

अंजना घागर घेऊन गेली. चंद्रभागाबाई मात्र दाराच्या चौकटीला धरून बराच वेळ उभी होती.

पाटोद्याच्या बाजारापासून डोंगराच्या अंगाला ही धनगरांची वस्ती. घोंगड्या विणायच्या, मेंढरं राखायची, पाऊसकाळ संपला की कळप घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचं. निजामाचं राज्य होतं, पण वस्तीला राज्य दिसायचं ते वर्षातून एकदा, चराईची पट्टी मागायला येणाऱ्या माणसाच्या रूपात. बाकी सगळे निवाडे वस्तीतच व्हायचे, बिरोबाच्या देवळासमोर, चौघांच्या बैठकीत.

परवाची पंगत अशाच निवाड्याची होती. चंद्रभागाबाईचा धाकटा दीर सटवा सजा भोगून तुरुंगातून परत आला होता. पंधरा वर्षांचा असताना त्यानं आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला, म्हणजे चंद्रभागाबाईच्या नवऱ्याला, सिदूला, कुऱ्हाडीनं मारलं होतं. सिदू ओढ्यावर वाकून ओंजळीनं पाणी पीत होता. त्यानं मागं वळून बघितलंही नाही.

सरकारची सजा संपली, तरी वस्तीची संपलेली नव्हती. खून केलेल्या माणसाला जातीत परत घ्यायचं तर त्यानं चौघांसमोर उभं राहून काय केलं, का केलं ते सांगायचं. मग सगळ्या वस्तीला जेवण घालायचं. पण पंगतीत कुणी आपण होऊन घास उचलायचा नाही. पहिला घास घ्यायचा तो ज्याचं माणूस गेलं त्यानं. तो घास गिळला की पाप सगळ्यांत वाटलं गेलं, असं धरायचे. त्यानंतर सगळे जेवायचे आणि तो माणूस पुन्हा आपला व्हायचा. तोवर त्यानं वस्तीबाहेर राहायचं, त्याला कुणी शिवायचं नाही, न्हाव्यानंसुद्धा नाही.

सिदूचं माणूस म्हणजे चंद्रभागाबाई. पहिला घास तिचा होता.

"तू घास घेतलास की मी मरायला मोकळी," सासू भिवराबाई दुपारी म्हणाली. ती आता फार थकली होती. पाठ वाकून जमिनीकडे गेलेली, पण जीभ शाबूत. ती भाकरी फडक्यात बांधत होती. रोज दुपारी मेंढवाड्यावर जाऊन धाकट्या लेकाच्या पुढ्यात ती भाकरी लांबूनच ठेवून यायची.

"आत्याबाई, अंजी इचारत व्हती. बा कशानं मारायचा म्हणून."

भिवराबाईचे हात थांबले नाहीत. "मग काय सांगितलंस?"

"काय सांगू?"

"पोर हाय. लगीन झालं की इसरल."

"ती इसरायची न्हाई. तिला वाटतंय, समदेच तसले असत्यात."

"मग वाटू दे की. मार न खाता कोण जगलंय बाईच्या जातीत? मी खाल्लाय, माझ्या सासूनं खाल्लाय."

"मी न्हाई खाल्ला," चंद्रभागाबाई म्हणाली.

भिवराबाईनं फडक्याची गाठ दातांनी ओढली आणि मग पहिल्यांदा सुनेकडे नीट बघितलं. "आता ते काढू नको," ती हळू आवाजात म्हणाली. "परवाचा दिस पार पडू दे. तू माझा एक पोरगा वाचवलास, चंद्रभागे. आता अर्ध्यात सोडू नको."

खरं होतं ते. वाचवला होता.

सिदूला जाळून आल्याच्या दुसऱ्या दिवशीच भिवराबाई वकिलाकडे गेली होती. रडायला तिला सवडच मिळाली नव्हती. वकिलानं सांगितलं, पोरगा अज्ञान आहे, पण रागाच्या भरात नव्हे, ठरवून कुऱ्हाड घातलीय. फाशी चुकवायची तर काही सबब हवी. मयत माणूस बायकोला मारहाण करायचा आणि पोराला ते बघवलं नाही, असं त्याच्या बायकोनंच सांगितलं तर अदालत विचार करील.

चंद्रभागाबाई तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. अंजना झोळीत. ती सासूला म्हणाली होती, "मी भंडाऱ्यावर हात ठिवून खोटं बोलणार न्हाई. बिरोबा माझ्या लेकीला नेईल."

 भिवराबाई तिच्या शेजारी येऊन बसली. "सिदू हाका मारायचा का न्हाई?"

"आँ?"

"डोंगरावरून सांजंला हाका मारायचा का न्हाई तुला?"

मारायचा. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. कळप घेऊन तो टेकाडावर आला की तिथूनच 'चंद्रेऽऽ' म्हणून हाक मारायचा, म्हणजे तो खाली पोहोचेपर्यंत तव्यावर भाकरी पडावी. बायकोला नावानं, तीही डोंगरावरून हाक मारणारा माणूस तेव्हा दुसरा नव्हता. बायका तिला पाणवठ्यावर चिडवायच्या. "चंद्रे, तुझा कोंबडा आरवला बघ."

"मारायचा," चंद्रभागाबाई म्हणाली.

"मग तेवढंच म्हण. ते इचारतील, नवरा मारायचा का. तू म्हण, मारायचा. हाका तेवढं मनात म्हण. त्यात खोटं काय हाय? एक गेला माझा, दुसरा तरी ऱ्हाऊ दे."

आणि तसंच झालं. अदालतीत उर्दूत लिहून घेणारा कारकून होता आणि त्याच्या शेजारी मराठीतून विचारणारा दुसरा. त्यानं विचारलं, "तुझा नवरा मारायचा?" ती म्हणाली, "मारायचा." त्यानं विचारलं, "रोज?" ती म्हणाली, "रोज." मग त्यानं विचारलं, "कशानं मारायचा?" त्याला काय उत्तर द्यावं ते सासूनं शिकवलं नव्हतं. तिला एकदम रडू फुटलं आणि ते थांबेना. अदालतीला तेवढं रडणं पुरलं.

सटवाची फाशी टळली. आणि त्या दिवसापासून सिदू बायकोला मारणारा माणूस झाला. पाणवठ्यावरच्या बायका तिच्याशी मऊ बोलू लागल्या. सुटलीस बाई, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, पण नजरेनं म्हणायच्या. नवरा गेल्यावर बायका आठवणी काढून रडतात, तसं तिला कधी कुणासमोर रडता आलं नाही. मारकुट्या नवऱ्यासाठी कोण रडतं? पुढं मानमोडीची साथ आली, त्या वेळची कितीतरी माणसं गेली, आणि सिदूला खरं ओळखणारी माणसंही कमी झाली.

पंगतीच्या आदल्या दिवशी भिवराबाईच्या हातातलं भाकरीचं फडकं चंद्रभागाबाईनं घेतलं. "आज मी जाते," ती म्हणाली. 

मेंढवाडा वस्तीपासून लांब, तरवडाच्या झुडपांपलीकडे. ऊन डोक्यावर आलं होतं. सटवा काट्याचं कुंपण नीट करत होता. तिला बघताच तो ताडकन उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, नजर जमिनीवर. तुरुंगात शिपाई आला की उभं राहत असतील तसा. मिसरूड न फुटलेलं पोर गेलं होतं. आता समोरच्या माणसाचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले होते.

"बसा, वैनी."

"मला तुमी कवापासून म्हणाया लागलास?"

"तितं समद्यांनाच जी म्हणावं लागायचं." तो ओशाळून हसला. "जिभेला वळण पडलंय."

तिनं भाकरी दगडावर ठेवली आणि लांब बसली. दोघंही मेंढरांकडे बघत राहिली. तुरुंगात काय करायचास, असं तिनं विचारलं. दऱ्या विणायचो, तो म्हणाला. 

"उद्या गहिनीनाथमामा तुला चौघात इचारतील," शेवटी ती म्हणाली. "काय सांगणार हायस?"

"जे झालं ते."

"काय झालं?"

"दादा तुला मारायचा. मला बघवलं न्हाई. म्या कुऱ्हाड उचलली." तो हे सहज म्हणाला, पुष्कळदा सांगून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगावी तसं.

"तू त्याला मारताना बघितलंस?"

"बघितलं की."

"कुठं?"

"चुलीम्होरं. तुझे केस धरले व्हते त्यानं. हातात लाकूड व्हतं. तुझी काकणं फुटून अंगणात पडलती. हिरवी काकणं."

चंद्रभागाबाईनं त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढं ते खरंच दिसत होतं.

"सटवा, असं कवाच झालं न्हाई."

तो हसला. घरातली गोष्ट लाजेनं झाकणाऱ्या माणसाकडे बघून हसावं, तसा समजुतीनं. "आता कशाला झाकतीस, वैनी. अदालतीत भंडाऱ्यावर हात ठिवून तूच सांगितलंस. मी उभा व्हतो तितं."

"मी 'मारायचा' म्हणले."

"मग?"

"हाका मारायचा. तेवढा शबूद मी गिळला. आत्याबाईंनी शिकवलं तसं." तिनं आवाज चढवला नाही. लहान पोराला एकेक अक्षर दाखवावं तसं ती एकेक सांगत गेली. "तुला फाशी व्हऊ नये म्हणून. त्यानं मला कवा बोट लावलं न्हाई, सटवा. तुला बी ठावं व्हतं तवा. तू आमच्याच घरात ऱ्हायचास."

 एक मेंढी कुंपणाला अंग घासत होती, तिला सटवानं हातानं बाजूला केलं.

"मग काकणं?" त्यानं विचारलं. "काकणं मला दिसत्यात. हिरवी."

"ती तो गेल्यावर फुटली. बायकांनी मला अंगणात बसवून फोडली. पोलीस अमीनानं तुला तवा बाभळीला बांधलं व्हतं. तितनं बघत व्हतास तू."

तो खाली बसला.  हातातली काटेरी फांदी तशीच मुठीत राहिली होती.

"मग म्या कशासाठी केलं ते?"

"घंटीसाठी."

त्याचा रिकामा हात आपोआप गळ्याकडे गेला.

लोकर कातरायचे दिवस होते ते. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं जमली होती. सटवाला राखणीवर झोप लागली आणि लांडग्यानं कोकरू नेलं. सिदू रागावला, पण रागात त्याला चेष्टा सुचली. कळपाच्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी काढून त्यानं सटवाच्या गळ्यात बांधली. "आता ह्यो म्होरं चालंल. हलला तर वाजल, झोपला तर आमाला कळंल." सगळी माणसं हसली. संध्याकाळपर्यंत सोडायची नाही, असा सिदूचा हुकूम होता. सटवा दिवसभर भाकरीला, पाण्याला, कुठंही गेला तरी वाजत गेला. दुसऱ्या दिवशी सिदू ओढ्यावर पाणी प्यायला वाकला.

"तितं एक म्हातारा कैदी व्हता," सटवा सावकाश म्हणाला. "कुणाशी बोलायचा न्हाई. मला शेजारी बसवून घ्यायचा. म्हणायचा, ह्यो पोरगा चोर न्हाई, भावजयीच्या अब्रूसाठी आलाय. समदे मग तसंच म्हणाया लागले. मला बरं वाटायचं, वैनी. पयल्यांदा मला ठावं व्हतं खोटं हाय म्हणून. मग कवा खरं झालं ते कळलं न्हाई."

"मी बी हसले व्हते त्या दिशी," चंद्रभागाबाई म्हणाली. "तू वाजत आलास तवा."

"दिसलं व्हतं मला."

 तिनं भाकरीचं फडकं सोडून दगडावर पसरलं. त्यानं भाकरीला हात लावला नाही.

"उद्या काय सांगू?"

"ते सांगाया मी आले न्हाई. मला एवढंच ठावं हाय. त्याच्या नावावर मारहाण घालून वाढलेला घास माझ्या नरड्याखाली उतरायचा न्हाई."

"आन् खरं सांगितलं तर चौघं उठून जातील."

"जातील."

"आईचं काय व्हईल?"

ती उठली. पदर सावरून चालू लागली. त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ असतं, तर ती इतकी वर्षं गप्प राहिली नसती.

पंगतीच्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं शेण सारवून जागा केली होती. पातेल्यात भात शिजला होता, त्याच्यावर परात उपडी ठेवली होती. शेजारच्या हंड्यात मटणाचा रस्सा. पोरं वासानं घुटमळत होती आणि आया त्यांना मागं ओढत होत्या. पळसाच्या पत्रावळी मांडून माणसं ओळीनं बसली. प्रत्येकाच्या पानावर भात वाढला गेला, पण हात कुणी पुढं केला नाही. सगळ्यांत पुढं, एकटी, चंद्रभागाबाईची पत्रावळ होती. तिच्यामागं बायकांत भिवराबाई, अंजनाच्या खांद्याला धरून.

सटवा अनवाणी उभा होता. अंगावर घोंगडं, डोकं उघडं.

गहिनीनाथ वस्तीचा कारभारी. सावकाश बोलणारा, कुणाचं म्हणणं मध्येच न तोडणारा म्हातारा. तो म्हणाला, "सांग सटवा. बिरोबा ऐकतोय, चौघं ऐकत्यात. काय केलंस आन् कावून केलंस?"

"थोरल्या भावाला मारलं. कुऱ्हाडीनं."

"कावून?"

सटवानं बायकांच्या बाजूला बघितलं. भिवराबाईचे ओठ हलत होते. ती त्याला आतल्या आत शब्द पुरवत होती.

"त्यानं माझ्या गळ्यात घंटी बांधलती," सटवा म्हणाला.

"काय?"

"मेंढ्याची घंटी. कोकरू नेलं लांडग्यानं म्हणून. माणसं हसली. म्हणून मारलं."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग पुरुषांच्या ओळीत शेवटाला बसलेला बिभीषण, विशीतलं पोरगं, त्याला काही आतलं-बाहेरचं ठाऊक नव्हतं, तो फस्सकन हसला. "घंटी बे," तो शेजारच्याला म्हणाला, आणि शेजारचाही हसला. आणखी दोघंतिघं हसले. म्हातारी माणसं त्यांच्याकडे बघत राहिली.

सटवाच्या मानेची शीर ताठ झाली. घोंगड्याखाली त्याच्या मुठी वळलेल्या दिसल्या. चंद्रभागाबाई त्याच्याकडेच बघत होती, आणि तो हलला नाही. हसू आपोआप विरेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

"अदालतीत तर निराळं सांगितलं व्हतं," गहिनीनाथ म्हणाला. "सिदू बायकोला मारतो म्हणून."

"दादा कवाच मारत नव्हता."

"मग सिदूचा कसूर काय?"

"काय बी न्हाई."

"मग आमी तुला आत कावून घ्यावं?"

सटवानं विचार केला. "ते मला ठावं न्हाई, मामा," तो म्हणाला.

ओळीत कुजबुज सुरू झाली. बसलेल्यांपैकी दोघं पत्रावळीवरून उठले. आणखी एक उठू लागला, तेव्हा गहिनीनाथनं हात वर केला. "थांबा. घास त्या बाईचा हाय. ती म्हणंल ते." तो वळला. "चंद्रभागाबाई, तू ऐकलंस. घेतीस का न्हाई?"

चंद्रभागाबाईनं पुढ्यातल्या भाताकडे बघितलं. त्यावरची वाफ केव्हाच गेली होती. मग तिनं पत्रावळ हलकेच पुढं सारली.

"मला आज जेवता येत न्हाई, मामा. मला सुतक हाय."

"कुणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं."

बायकांत हालचाल झाली. गहिनीनाथ पुढं वाकला. "बाई, त्याला किती वर्सं झाली."

"लांबचं मरण उशिरा कळलं, तर कळल्या दिसापासून सुतक धरत्यात न्हवं? मला आज कळलं. इतकी वर्सं मी भलत्याच माणसाचं रांडपण काढलं." ती थांबली. पुढचं ती चौघांशी बोलली नाही, मागं वळून लेकीकडे बघत बोलली. "माझा नवरा मला हाका मारायचा. दुसरं कायबी मारायचा न्हाई. अदालतीत मी अर्धंच बोलले."

गहिनीनाथ दाढी खाजवत बसला. त्याच्या ओळखीच्या नियमांत त्यानं शोधून बघितलं असावं. चंद्रभागाबाईनं नाही म्हटलं नव्हतं, हो म्हटलं नव्हतं, आणि जे म्हटलं ते नियमाला धरून होतं.

"सुतक असंल तर पंगत व्हत न्हाई," शेवटी तो म्हणाला. "हे अन्न बी चालायचं न्हाई कुणाला. सुतक फिटल्यावर बसू पुन्यांदा. तवाचं तवा." आणि तो गुडघ्यावर हात देऊन उठला. एकेक करून सगळे उठले. वाढलेली पानं तशीच ओळीनं राहिली.

भिवराबाई मात्र बसूनच होती. सून आता तिच्याजवळ गेली. म्हातारी शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं. पण भिवराबाईनं तिचा हात धरला आणि तिच्या तोंडातून आधी नुसता वारा आला, मग आवाज. "माझा सिदू," ती म्हणाली. "माझा सिदू गं." सिदू गेला त्या दिवसापासून आजवर ती धाकट्याला वाचवायच्या धावपळीत होती. थोरल्यासाठी ती आता रडली. अंजना दोघींच्या मध्ये बसली, आणि पत्रावळ सारताना आईच्या हाताला लागलेली भाताची शितं पुसत राहिली.

थोरला भाऊ गेला की धाकट्यानं डोक्याचे केस उतरवायचे असतात. सटवानं ते कधी केलं नव्हतं, तेव्हा तो बाभळीला बांधलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वस्तीच्या कडेला येऊन बसला आणि त्यानं न्हाव्याला निरोप धाडला. न्हावी आपली धोपटी घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत आला. "सटवा, माझा राग धरू नको," तो लांबूनच म्हणाला. "चौघांनी अजून घेतलं न्हाई तुला. मी शिवलो तर माझं गिऱ्हाईक तुटंल." आणि परत गेला.

सटवा तिथंच बसून राहिला. ऊन वर आलं. उठून जावं की बसावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

मग चंद्रभागाबाई येताना दिसली. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात लोकर कातरायची लोखंडी कातर. सिदू गेल्यावर घरची मेंढरं तीच कातरत आली होती, पुरुषाचं काम असलं तरी. तिनं तांब्या खाली ठेवला.

"वैनी, तुला बी वाळीत टाकतील."

"सुतकात कोण कुणाला टाकतंय. मागं व्हऊन बस. उन्हाकडं तोंड कर."

तो बसला. गुडघे पोटाशी घेतले. तिनं ओंजळीनं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि केस भिजवले.

"मान खाली घाल."

त्यानं मान खाली घातली. मानेचा मागचा भाग उघडा पडला, उन्हानं रापलेला, मधोमध मणक्याचं एक हाड वर आलेलं. चंद्रभागाबाईचा कातरीचा हात हवेत थांबला. सटवाला ते कळलं असावं, कारण त्याचा श्वासही थांबला. पण त्यानं मान वर केली नाही.

वस्तीतून कुत्रं भुंकल्याचा आवाज आला. कुणीतरी त्याला हाड्हाड् केलं.

मग कातर चालू लागली. ओल्या केसांचे झुबके त्याच्या पायांशी पडू लागले, काळे आणि मधूनच पांढरे. मेंढीचा धरतात तसा तिनं त्याचा कान दोन बोटांनी दुमडून धरला, पातं लागू नये म्हणून.

"हलू नको," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आता तोंड फिरव. ही बाजू ऱ्हायलीय."